पाण्याचा दिवस आणि नाटकाची तारीख

मराठी नाट्यनिर्माते, नाट्यव्यवस्थापक आणि वर्तमानपत्रांतून नाट्यपरीक्षणं लिहिणारे समीक्षक यांस,



मनमाडहून हे पत्र तिघांना मिळून लिहितो आहे. आमची तक्रार एकाकडे नेली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. निर्माते म्हणतात, जाहिरातीचे दर परवडत नाहीत. व्यवस्थापक म्हणतात, नाट्यगृहाच्या तारखाच उशिरा हाती येतात. समीक्षक म्हणतात, पानात जागा उरत नाही. तिघांचंही खरं असेल. म्हणूनच म्हटलं, तिघांना एकाच सतरंजीवर बसवावं आणि बोलावं.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पुलांचे गर्डर बनवण्यात नोकरी संपवलेला माणूस. माझ्यासारखी सात-आठ कुटुंबं आहेत. बहुतेक रेल्वेतली, दोन मास्तर, एक किराणा दुकानदार. आमचं मंडळ नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. आमच्याकडे आहे ती एक जाडजूड वही. ती माझ्या वडिलांनी सुरू केली. वडील डॉ. काशिनाथ घाणेकरांचे भक्त. ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या त्यांनी तीनदा पाहिला होता आणि तीनशेदा सांगितला होता. घाणेकरांच्या नाटकांच्या जाहिराती आणि परीक्षणं कापून, कणकेच्या खळीने ते वहीत डकवत. शेजारी रकाने आखलेले : तारीख, गाव, नाट्यगृह, प्रयोग क्रमांक, कोणी पाहिला. 2 मार्च 1986 रोजी घाणेकर दौऱ्यावर असताना अमरावतीत गेले. ते कात्रणही वडिलांनी डकवलं आणि ‘कोणी पाहिला’ या रकान्यात आडवी रेघ मारली. त्या रेघेच्या पुढची पानं माझी.

माझ्या पानांवर प्रशांत दामले आहेत. ‘एका लग्नाची गोष्ट’ 1998 साली आलं, तिथून नोंदी नियमित आहेत. ‘साखर खाल्लेला माणूस’ आहे. ‘लेकुरे उदंड जाली’ आहे, आणि ते लिहिणारे वसंत कानेटकर आमच्या नाशिकचे म्हणून त्या पानाला जरा जास्त मान आहे. ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ आहे. दामल्यांचा 12,500वा प्रयोग 6 नोव्हेंबर 2022 रोजी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात झाला, मराठी रंगभूमी दिनाच्या दुसऱ्याच दिवशी. त्या रात्री मी वहीतल्या आमच्या नोंदी मोजल्या. तोवरच्या साडेबारा हजारांपैकी आमच्या वाट्याला आले होते एकोणतीस. बाकीचे आम्ही जाहिरातीत, परीक्षणात आणि पाहून आलेल्याच्या तोंडून पाहिले.

आमची सगळी तक्रार या एका आकड्यात आहे. तुमच्या पुण्या-मुंबईचा प्रेक्षक परीक्षण वाचतो आणि नाटकाला जातो. आम्ही बहुतेक वेळा परीक्षण वाचतो आणि तिथेच नाटक संपतं. आम्हाला ते नाटकासोबत नाही, नाटकाऐवजी मिळतं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

पहिली गोष्ट तारखेची. मुंबई-पुण्याच्या जाहिराती तिथल्या आवृत्तीत येतात. आमच्या हाती पडणाऱ्या अंकात नाशिकच्या प्रयोगाची जाहिरात आली तर शुक्रवारी येते, आणि प्रयोग असतो रविवारी. शहरातल्या माणसाला दोन दिवस पुष्कळ झाले. त्याला पायात चपला घालायच्या, की नाट्यगृह. आम्हाला मनमाड ते नाशिकरोड सत्तरेक किलोमीटर, पुढे शालिमारला कालिदास कलामंदिरापर्यंत आणखी आठ-नऊ. ज्यांची ड्यूटी आहे त्यांनी ती बदलून घ्यायची. आणि आमच्या गावात आणखी एक पंचांग चालतं, ते म्हणजे पाण्याचं. मनमाडच्या पाण्याची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी, असे कैक उन्हाळे काढलेले आम्ही लोक. पाण्याच्या दिवशी घर सोडता येत नाही. लग्न-मुंज पुढे ढकलता येते, पाणी ढकलता येत नाही. मोबाइलवर तिकीट काढायची सोय झाली, दामल्यांनी स्वतः ‘तिकिटालय’ सुरू केलं, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण तिकीट काढायला आधी तारीख कळावी लागते. विनंती एवढीच की दौऱ्याच्या तारखा पंधरा दिवस आधी जाहीर करा. पक्क्या नसतील तर ‘बहुधा’ म्हणून जाहीर करा. ‘बहुधा’वर जगायची आम्हाला सवय आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पंचवटी एक्सप्रेस 1975 साली सुरू झाली. पहाटे ती आमच्या नोकरदारांना मुंबईला नेते आणि रात्री परत आणून सोडते. परतताना नाशिकरोडला साडेनऊच्या सुमारास येते. कालिदास कलामंदिरात पाच वाजता पडदा उघडला आणि पावणेआठला पडला, तर आम्ही रिक्षा करून, फलाटावर वडापाव खाऊन आरामात ती गाडी धरतो. पण जाहिरातीत पाच म्हणजे पडद्याचे पाच पस्तीस होतात. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, ते होतं अर्ध्या तासाचं. मध्येच सत्कार निघतो. कोणीतरी स्थानिक मान्यवर ‘दोनच शब्द’ बोलायला उभे राहतात. सव्वाआठ वाजले की आमच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. एकेक जण वाकून, लोकांची क्षमा मागत बाहेर पडतो. तुम्हाला रंगमंचावरून वाटत असेल की हे कोण असंस्कृत लोक ऐन शेवटच्या प्रवेशात उठून चालले. साहेब, ते आम्ही. मनमाडचे. आमच्या वहीत सहा नाटकांपुढे ‘शेवट राहिला’ असा शेरा आहे.

आणि गंमत पाहा. शेवट राहिला म्हणून परीक्षण उघडावं, तर समीक्षक लिहितात, ‘पुढे काय होते ते प्रत्यक्ष रंगमंचावरच पाहावे.’ प्रत्यक्ष रंगमंचावर पाहायलाच गेलो होतो हो! सहापैकी चार नाटकं आता बंद झाली. त्यांचे शेवट आम्हाला कधीच कळणार नाहीत. त्यातल्या एका नाटकात नवऱ्याने पत्र फाडलं की ठेवलं, यावरून आमच्या दोन मास्तरांत अजून वाद होतो. तेव्हा पडदा वेळेवर उघडा. रात्री साडेनऊचा प्रयोग लावण्यापेक्षा दुपारी चारचा लावा. सिन्नर, निफाड, लासलगाव, चांदवड, येवला इथले लोकही आपली परतीची गाडी बघूनच तिकीट काढत असतात. सत्कार हवा तर सगळ्यात शेवटी करा. ज्यांना थांबायचं ते थांबतील.

तिसरी गोष्ट : आज कोण? नावाजलेल्या नटाचं नाव वाचून आम्ही सात जण एका नाटकाला गेलो. नाटकाचं आणि नटाचं नाव सांगत नाही. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि त्या भूमिकेत भलताच माणूस. चांगला होता बिचारा. पण पहिली वीस मिनिटं आम्ही त्याला पाहिलंच नाही. आम्ही नसलेल्या माणसाला शोधत होतो. त्या नटावर तो अन्याय झाला आणि आमच्या तिकिटावरही. भूमिका बदलू नये असं आमचं म्हणणं नाही. ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले, पुढे दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, यशवंत दत्तांनी केले. तात्यासाहेब शिरवाडकरांचं ते नाटक कोणा एकाच्या नावावर अडलं नाही. प्रत्येकाचे अप्पा वेगळे म्हणून लोक पुन्हा पुन्हा गेले, घरी येऊन भांडले. आम्हालाही ते भांडण हवं आहे. त्यासाठी दाराशी एक पाटी लावा : ‘आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक करतील.’ खडूने लिहिलेली चालेल. जाहिरातीत छापता आली तर सोन्याहून पिवळं. नव्या नटालाही त्याच्या स्वतःच्या नावाची टाळी मिळेल.

चौथी गोष्ट परीक्षणांची. इथे मी समीक्षकांशी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुम्ही आमचे खरे नातेवाईक. आधी एक प्रसंग. वर मी पाण्याचं पंचांग सांगितलं. एका वर्षी असंच झालं. शुक्रवारी जाहिरात, रविवारी प्रयोग, आणि अठरा दिवसांनी येणारं पाणीही नेमकं रविवारीच. घरातून एकालाच जाता येणार होतं. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. सौ.ची निघाली. ती शेजारच्या वहिनींबरोबर गेली आणि मी पिंप, टाकी, हंडे, कळशा, बादल्या, शेवटी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवलं.

ती अकराला परतली. चपलाही न काढता ओट्यावर बसली आणि सांगू लागली. म्हणाली, ‘पहिल्या अंकात नट घाईत होता. गाडी उशिरा आली असावी. हशा पुरता व्हायच्या आत पुढचं वाक्य टाकत होता, त्यामुळे मागच्यांना अर्धी वाक्यं कळलीच नाहीत. दुसऱ्या अंकात मात्र सावरला. फोनचा प्रवेश आहे. पलीकडचा माणूस दिसत नाही, ऐकू येत नाही. पण पलीकडे म्हातारा आहे हे मला कळलं. हा शब्द सुटे करून सांगत होता, थांबत होता, तेच पुन्हा सांगत होता. मग फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला, तेव्हा अख्खं थिएटर हसलं, कारण आता हे लांबणार हे सगळ्यांना कळलं. शेवटी नायिका रडते. हा काहीच बोलत नाही. टेबलावरचा चष्मा उचलून धोतराच्या सोग्याने पुसत बसतो. स्वतःचा नाही, तिचा.’

एवढं सांगून ती थांबली आणि म्हणाली, ‘सोळाव्या रांगेत शेवटची दोन वाक्यं ऐकू आली नाहीत. पण चालून गेलं.’

महिन्याभराने त्याच नाटकाचं परीक्षण हाती आलं. मोठं होतं, पाऊण पान. त्यातलं अर्धं पान कथानक. मग लेखकाची आधीची नाटकं. मग एका परिच्छेदात सगळे नट ओळीने उभे केलेले : यांनी भूमिका समर्थपणे पेलली आहे, त्यांची साथ मोलाची आहे, अमुक लक्षात राहतात. नेपथ्य आशयाला पूरक, प्रकाशयोजना परिणामकारक, संगीत साजेसं. मी ते दोनदा वाचलं. फोन नव्हता. चष्मा नव्हता. पहिल्या अंकातली घाई नव्हती. सोळावी रांग तर नव्हतीच. ते परीक्षण कुठल्याही नाटकाला डकवता आलं असतं. मी ते वहीत डकवलं आणि शेजारी, तारखेखाली, सौ.चं परीक्षण माझ्या हस्ताक्षरात लिहून ठेवलं. आज ते पान उघडलं की नाटक दिसतं ते तिच्या बाजूला.

समर्थपणे पेलली म्हणजे काय केलं, हे सांगा. हात कुठे होते? आवाज कुठे उतरला? कुठल्या वाक्याला लोक हसले आणि कुठल्या वाक्याला हसायला हवे होते पण हसले नाहीत? माधव मनोहर लिहीत, कमलाकर नाडकर्णी लिहीत, तेव्हा आमच्यात कडाक्याची भांडणं व्हायची. आमच्या लाडक्या नटाला कोणी बोललं की किराणा दुकानदार दोन दिवस चहा पाजत नसे. पण भांडायला काहीतरी हातात असायचं. ‘परिणामकारक’ या शब्दाशी भांडता येत नाही.

नेमकं सांगितलेलं किती टिकतं ते पाहा. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. त्या प्रयोगाचं चित्रण नाही. पाहणारा माणूसही आता कोणी उरला नाही. तरी कोणी कुठे जोर लावला आणि दुसऱ्याने त्याला कसं उत्तर दिलं, यावर आजही लोक हिरिरीने बोलतात, कारण त्या रात्री घरी परतलेल्यांनी ते सांगून ठेवलं, लिहून ठेवलं. नाटकाला सांगणारा मिळाला की ते एवढं टिकतं. उलट दामल्यांच्या 12,500व्या प्रयोगाच्या बातम्या मी जेवढ्या मिळाल्या तेवढ्या वाचल्या. आकडा होता, सत्कार होता, भाषणं होती. त्या दिवशी प्रयोग कसा झाला, हे मला वाचलेल्या कशातच सापडलं नाही. ज्या गोष्टीसाठी साडेबारा हजार वेळा रंग लावला, तीच बातमीतून निसटली.

आणखी एक मागणं. परीक्षण पहिल्या-दुसऱ्या प्रयोगाचं येतं, आणि नाटक आमच्या बाजूला येतं शंभराव्या-दोनशेव्या प्रयोगाला. तोवर ते कधी पिकलेलं असतं, कधी सैल झालेलं असतं. विनोदाच्या नाटकात तर हशाच्या हव्यासाने नवी वाक्यं घुसतात आणि अंक दहा मिनिटांनी फुगतो. दोनशेव्या प्रयोगाला पुन्हा जाऊन चार ओळी लिहा. निर्मात्यांनी समीक्षकांना आग्रहाने बोलवावं. घाबरू नये.

पाचवी गोष्ट मनमाडची. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला आणि दोनच वर्षांनी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. रेल्वे आणि संगीत नाटक बरोबरीने वाढलेली भावंडं. पुण्याहून खानदेश-वऱ्हाडाकडे रेल्वेने निघालेल्या मंडळींनी पडद्यांच्या गुंडाळ्या आणि पेट्या घेऊन आमच्याच फलाटावर गाडी बदलली असणार. आज तुमची बस पुण्याहून धुळ्याला जाते ती आमच्या गावातून, पुणे-इंदूर रस्त्याने. अंकाई-टंकाई मागे पडले की तुमचे नट चहाला उतरतात. आम्ही त्यांना टपरीवर ओळखलंही आहे, आणि ‘नाटक कधी?’ असं विचारल्यावर ‘परवा धुळ्याला’ हे उत्तर ऐकून हात जोडलेही आहेत. दोन ट्रकांचं नेपथ्य इथे उतरवा असा हट्ट नाही. दोन-चार पात्रांचं, सुटसुटीत नाटक वर्षातून एकदा दौऱ्यात बसवा. तिकिटं आम्ही आधी खपवू, पैसे आधी पाठवू. हिशेब तुम्ही तपासा.

आता आमच्याकडचं. तक्रारी सांगणाऱ्याने आपलं अंगणही दाखवावं. मोबाइल आमचेही वाजतात. 2019 साली ‘अश्रूंची झाली फुले’च्या प्रयोगात फोन वाजत राहिले म्हणून सुबोध भावे यांनी आपली व्यथा जाहीरपणे मांडली होती. पडद्यावर ज्यांनी घाणेकर साकारले, त्यांनीच तो लाल्या रंगमंचावर केला आणि प्रेक्षकांतून फोन वाजला! माझे वडील असते तर फोनवाल्याला पाणी नसलेल्या दिवशी आंघोळ घातली असती. शिवाय आम्ही प्रयोगानंतर रंगपटात घुसतो. नटाचा रंग उतरायच्या आत फोटो मागतो. शेंगदाण्याच्या पुड्या सोडतो. चढलेल्या तिकिटाबद्दल कुरकुरतो आणि येताना त्याच पैशात दोन वेळचं हॉटेलात जेवतो. आमच्या सात-आठ घरांपुरतं वचन देतो : फोन घरी किंवा बंद, पुड्या बाहेर, आणि रंगपटात फक्त नमस्कार. बाकीच्या प्रेक्षकांना आम्ही सांगू. ऐकतीलच असं नाही, पण शेजारच्या खुर्चीवरून सांगितलेलं घोषणेपेक्षा जास्त लागतं.

थोडक्यात, पंधरा दिवस आधी तारीख, वेळेवर पडदा, दाराशी खडूची पाटी, नाटक दिसेल असं परीक्षण आणि वर्षातून एक मनमाड. यातल्या पहिल्या चारांना पैसे लागत नाहीत. पाचव्याचे आम्ही देऊ म्हटलंच आहे.



आपला,
सोळाव्या रांगेतला एक प्रेक्षक,
मनमाड, जि. नाशिक

ता. क. : पत्र सौ.ला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, चष्मा धोतराच्या सोग्याने नाही, पदराने पुसला होता. नायिकेचाच चष्मा, तिच्याच पदराने. मी वहीत चुकीचं लिहून ठेवलं होतं, आज दुरुस्त केलं. समीक्षकांनी नोंद घ्यावी की आमच्याकडे परीक्षणं तपासली जातात.